तीस-साठ की चाळीस-साठ

राजारामपुरीत आमच्या गल्लीतल्या तळघरात चार दुकानं आहेत. जिना उतरल्यावर पहिलं माझं, झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं. त्याला लागून संघप्रिया मधाळेचं, कॉम्प्युटर जोडून देण्याचं आणि दुरुस्तीचं. मधे नुसतं प्लायवूड आहे. तिच्याकडं आलेलं गिऱ्हाईक काय बोलतंय ते मला माझ्या खुर्चीत बसून सगळं ऐकू येतं, आणि नको असलं तरी ऐकावं लागतं. बारा वर्षं ऐकतोय.

संघप्रिया उचगावची. तिचे वडील अण्णासो शिरोलीला एका फौंड्रीत कामाला होते. सातवीत असताना तिनं घरातला बंद पडलेला टेपरेकॉर्डर सगळा खोलला आणि दोन दिवस खपून परत चालू केला. अण्णासो तिला रागावले नाहीत, उलट शेजाऱ्याचा बिघडलेला रेडिओ आणून तिच्यापुढं ठेवला. दहावीनंतर तिनं आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, तेव्हा वर्गात ती एकटी मुलगी. मग शाहूपुरीत एका दुकानात आठ वर्षं मदरबोर्ड दुरुस्त केले. एका दिवाळीला तिथल्या मालकानं सगळ्या कामगारांना शर्टपीस वाटले, आणि हिलाही शर्टपीसच दिला. आठ वर्षं त्या माणसाला आपल्या दुकानात कोण बसतंय हे दिसलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात तिनं ते काम सोडलं आणि आमच्या शेजारचा गाळा घेतला. नवरा प्रसेनजीत गारगोटीला शाळेत शिक्षक आहे. तो सकाळी एसटीनं जातो, संध्याकाळी येतो. तो शांत माणूस आहे. दोघांपैकी एकानं तरी शांत असायला हवं, असं ती म्हणते.

कारण ती शांत नाही, आणि तिनं शांत राहावं असं तिचं गिऱ्हाईकही नाही. माणूस जिना उतरून येतो, तिच्या डोक्यावरून आत बघतो आणि विचारतो, “सायेब कुठं हायत?” सुरुवातीची काही वर्षं ती सांगायची की दुकान माझंच आहे. मग कंटाळली. आता ती सरळ म्हणते, “जेवायला गेलेत. तोवर मला सांगा.” माणूस सांगतो, ती काम करते, माणूस पैसे देऊन जातो. साहेबांचं जेवण कितीतरी वर्षं चाललंय.

तिच्या रागाची एक खूण आहे. एरवी ती साधं, घरातल्यासारखं बोलते. पण डोकं फिरलं की एकदम पुस्तकातलं मराठी सुरू होतं. “आपण”, “कृपया”, “आपल्या निदर्शनास” असं काही प्लायवूडपलीकडून ऐकू आलं की मी समजतो, आता आत जाऊ नये.

दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत हे मराठी मला दर आठवड्याला ऐकू येत होतं, आणि त्याला कारण यशराज.

यशराज हा एकोणतीस वर्षांचा बाप्या, एका मोटारसायकलच्या शोरूममध्ये नोकरीला. सुटीच्या दिवशी कॉम्प्युटरवर गेम खेळायचा त्याला नाद. दोन वर्षांपूर्वी त्यानं संघप्रियाकडूनच मशीन जोडून घेतलं होतं. त्यात जे ग्राफिक्स कार्ड होतं, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा वेगळा भाग, त्याचा नंबर थर्टी-सिक्स्टी. आमच्या भाषेत तीस-साठ. त्यानंतर त्याच्याच घराण्यातलं नवं कार्ड आलं, फोर्टी-सिक्स्टी, चाळीस-साठ. आणि तेव्हापासून यशराजला चैन नव्हतं. दर मंगळवारी शोरूमला सुटी, आणि दर मंगळवारी हा मोबाईलवर नवा तक्ता घेऊन हजर.

“मॅडम, हे बगा. चाळीस-साठचा वेग जास्त हाय. वीजबी कमी खातंय, एकशेपंधरा वॅट. माजं एकशेसत्तर खातंय.”

“मग घे की नवं.”

“पण माज्यात मेमरी बारा जीबी हाय. त्यात आठच हाय.”

“मग नको घेऊस.”

“पण फ्रेम जास्त मिळत्यात की वो त्यात.”

“मग घे.”

“पण डेटा जायाचा रस्ता बारीक केलाय त्येंनी. माजा एकशेब्याण्णव बिटचा, त्येचा एकशेअठ्ठावीस.”

“यशराज,” संघप्रिया म्हणाली, “आपण या विषयावर आजवर किती वेळा चर्चा केली असेल, याची आपणास कल्पना आहे काय?”

मी माझ्या मशीनमध्ये कागद भरत बसलो.

चूक यशराजची एकट्याची नव्हती, हेही सांगायला पाहिजे. ते तक्तेच तसले. एका ओळीत जुनं कार्ड पुढं, दुसऱ्या ओळीत नवं. जुन्यात चित्र काढणारे बारके भाग जास्त, पण नव्यातले जोरात पळणारे. एक व्हिडिओवाला सांगायचा की नवं घेणारा शहाणा, लगेच दुसरा सांगायचा की नवं घेणारा फसला. माणूस दोन तास बघून उठला तर डोक्यात आकडे शंभर आणि उत्तर एकही नाही. पण व्हिडिओवाल्यांना कुणी जाब विचारत नाही, विचारतात ते संघप्रियाला.

अशाच एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला यशराज आत बसलेला असताना कोडोलीहून अमरसिंह पाटील आले. पन्नाशीचे, उंच, आवाज असा की प्लायवूड थरथरावं. गावात ऊस आहे, आठ म्हशी आहेत, दोन्ही वेळचं दूध डेअरीला जातं. त्यांच्या मागोमाग त्यांची मुलगी निशिगंधा उतरली. बावीस-तेवीस वर्षांची, हातात एक वही घट्ट धरलेली. तिनं इंटिरिअर डिझाईनचा डिप्लोमा केला होता आणि तिला पहिलंच काम मिळालं होतं. गारगोटीच्या हंबीरराव नावाच्या गृहस्थांना मंगल कार्यालय बांधायचं होतं. बांधायच्या आधी ते आतून कसं दिसेल याची कॉम्प्युटरवर छोटी फिल्म करून द्यायची होती, म्हणजे भागीदार भावांना दाखवता येईल. मुदत मार्चच्या दहा तारखेची. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी ते कुणालाच कळलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

“सायेब कुठं हायत?” अमरसिंह म्हणाले.

“जेवायला गेलेत,” संघप्रिया म्हणाली.

“अकरा वाजता?”

“लवकर जेवतात. काय पाहिजे सांगा.”

“पोरीला कॉम्प्युटर पायजे. चांगला. एकदाच घ्यायचा, परत फिरून यायला नको. त्यात ते कार्ड का काय म्हणत्यात, ते चांगलं घाला.”

झालं. कार्ड हा शब्द ऐकल्याबरोबर यशराज खुर्ची सरकवून पुढं आला. “पावणं, बसा. ह्यातलं मला इचारा. दोन कार्डं हायत बगा, तीस-साठ आणि चाळीस-साठ.”

“मोठा आकडा घ्या की मग. त्यात इचार कसला?”

“तसं नसतंय. तीस-साठमध्ये मेमरी जास्त हाय.”

“मग ते मोठं म्हणा की.”

“पण वेग कमी हाय त्येचा.”

“अरं, एक कायतरी सांग की लेका! ट्रॅक्टर घेतला तर हॉर्सपॉवर एकच आकडा असतोय. ह्यात किती आकडं हायत?”

यशराजनं मोबाईल काढला आणि तक्ता वाचायला लागला. अमरसिंह प्रत्येक ओळीला “म्हंजे?” म्हणायचे. संघप्रिया मधे बोलायला जायची, तर दोघंही तिला “थांबा जरा” म्हणायचे. तिच्याच दुकानात! मधेच मला निशिगंधाचा आवाज ऐकू आला, बारीक, “मॅडम, मला काय वाटतं...” तेवढ्यात यशराज म्हणाला, “गेमला चाळीस-साठच चांगलं, मी सांगतो.” थोड्या वेळानं परत तिचा आवाज आला, “मॅडम, मला बारा...”

आणि संघप्रिया तोडून म्हणाली, “बारा हजारात नाही बसत गं. कार्डच त्याच्या दुपटीच्या वर जातंय.”

त्यानंतर निशिगंधाचा आवाज आला नाही.

पाऊण तासानं संघप्रियाचं ते मराठी सुरू झालं. “आपण सर्वांनी कृपया शांत व्हावे. चाळीस-साठ नवीन आहे, त्याला तीन वर्षांची वॉरंटी आहे, वीज कमी लागते, वेग जास्त आहे. आठ जीबी भरपूर झाले. मी तेच घालते. शनिवारी मशीन न्यायला या.”

“सायबांस्नी एकदा इचारून घ्या,” अमरसिंह म्हणाले.

शनिवारी मशीन गेलं. संघप्रियानं सुटकेचा श्वास सोडला तो मला पलीकडं ऐकू आला.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी मी दुकान उघडत होतो, तर जिन्यावर निशिगंधा. एकटीच. कॉम्प्युटरचा डबा वाकळेत गुंडाळून, दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती कोडोलीहून एसटीनं आली होती. बसायला जागा मिळाली नव्हती, स्टँडपासून रिक्षा मिळाली नव्हती. मी डबा धरायला पुढं झालो, तर “पडंल, राहू दे काका” म्हणाली. संघप्रिया आली तोवर ती माझ्याच दुकानात बसली. चहा दिला, तो तिनं घेतला नाही.

मशीन चालू केल्यावर निशिगंधानं तिची फिल्मची फाईल उघडली आणि चित्र तयार करायचं बटण दाबलं. अर्धा मिनिट काही झालं नाही. मग पडद्यावर लाल अक्षरं आली, कार्डाची मेमरी संपली म्हणून. परत केलं, परत तेच.

“आपण यात काही बदल केलेत का?” संघप्रिया म्हणाली. म्हणजे पहिल्या मिनिटालाच तिचं डोकं गेलं होतं.

“न्हाय मॅडम.”

“मग एवढी मेमरी कशाला लागते? काय आहे त्यात?”

निशिगंधानं वही उघडली. मी दारातच उभा होतो, मला दिसलं. वहीत कार्यालयाचा नकाशा होता, खांब, स्टेज, झुंबरं, सहाशे खुर्च्या, आणि खाली चौकटीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: फाईलला मेमरी लागते साडेनऊ जीबी. कॉलेजमध्ये सरांच्या मशीनवर तिनं ती एकदा चालवून बघितली होती. सरांच्या मशीनमध्ये तीस-साठ होतं, बारा जीबीचं.

संघप्रियानं ते वाचलं. “अगं, मग हे मला आधी सांगायचं की!”

“सांगत हुते की मी. बारा जीबीचं पायजे म्हणून. तुम्ही म्हणालात, बारा हजारात बसत न्हाय.”

संघप्रियानं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत घातला. मला वाटलं ती आता मुलीवर ओरडते की काय. पण तिनं मलाच विचारलं, “आकारामकाका, मी असं म्हणाले होते?”

मी प्लायवूडपलीकडचं कधी ऐकलंय असं कबूल करत नाही. पण त्या दिवशी म्हणालो, “व्हय.”

ती खाली स्टुलावर बसली. “बारा वर्षं मी ज्यांच्या नावानं खडे फोडते,” ती म्हणाली, “त्यांच्यासारखंच केलं की मी. दोन बापे बोलत होते आणि मी त्यांच्याशी भांडत बसले. मशीन जिचं, तिला विचारलंच नाही.”

निशिगंधाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते दुःखाचं नव्हतं, वैतागाचं होतं. “मॅडम, दहा तारखेला द्यायचंय. आबा म्हणालेत, हे जमलं न्हाय तर मशीन विकतो आणि पाहुण्यांच्यात तुझं स्थळ बघतो. मी खुर्च्या कमी करून बघितल्या. चारशे केल्या. तेवढ्यावर चालतंय, आणि लई झटक्यात चालतंय. पण हंबीररावांना सहाशेच दिसल्या पायजेत.”

“का?”

“त्येंच्या चुलत भावाच्या कार्यालयात पाचशे हायत.”

संघप्रियानं मोबाईल उचलला.

तिनं लगेच पुण्याच्या ठोक व्यापाऱ्याला फोन लावला. तीस-साठ आहे का? आहे. बारा जीबीच ना? तोच, तोच, मॅडम, शेवटचा एक पीस आहे. उघडलेलं चाळीस-साठ परत घेता का? ते नाही. बरं, ते माझं मी बघते, तीस-साठ आजच्या कुरिअरनं टाका.

शनिवारी खोकं आलं. निशिगंधा परत एसटीनं आली. खोक्यावर तोच नंबर, तीस-साठ. संघप्रियानं कार्ड बसवलं, मशीन चालू केलं, आणि पडद्यावर मेमरीचा आकडा बघून ती तशीच उभी राहिली. आठ जीबी. खोकं उलटंपालटं करून बघितलं, तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत आठच लिहिलेलं. मी म्हणालो, “खोटा माल हाय काय?” तर नाही. त्याच नावाचं, त्याच नंबरचं कार्ड दोन तऱ्हेचं निघालं होतं, एक बारा जीबीचं आणि एक आठचं. ठोक व्यापाऱ्याला फरक माहीत नव्हता, किंवा माहीत होता आणि त्याला माल खपवायचा होता.

फोनवर संघप्रिया जे बोलली ते मराठी मी याआधी फक्त सरकारी नोटिशीत वाचलं होतं. “आपण प्रेषित केलेली वस्तू मी मागितलेल्या वस्तूशी केवळ नामसाधर्म्य राखते,” असं एक वाक्य मला आठवतंय. पलीकडून तो “मॅडम, नाव सेम आहे ना” एवढंच म्हणत राहिला, शेवटी खोकं परत घ्यायला तेवढा कबूल झाला. बारा जीबीचं पुण्यात कुणाकडं नव्हतं. मुंबईत विचारलं, तर तिथं नवा माल यायलाच दहा-बारा दिवस. तारीख होती दोन मार्च.

फोन ठेवल्यावर ती पंधरा मिनिटं जुन्या बिलांची फाईल काढून चाळत होती, बारा जीबीचं कार्ड आपण आजवर कुणाकुणाला घातलंय ते बघत होती. एका पानावर थांबली, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “अरे देवा. नाही, नाही. दुसरं कुणी असू दे.”

दुसरं कुणी नव्हतं. एक गिऱ्हाईक आता दुबईत होतं, दुसऱ्यानं मशीन विकलं होतं. उरला यशराज.

संघप्रियानं यशराजला आपणहून फोन करण्याची ती पहिली वेळ. “तुला चाळीस-साठ पाहिजे ना? आठवडाभर वापरलेलं आहे, वॉरंटीचा कागद तुझ्या नावावर करून देते. बदल्यात तुझं तीस-साठ दे.” अर्ध्या तासात यशराज मोटारसायकलवर मशीन बांधून हजर. शोरूममधून अर्धी रजा टाकली होती. मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. इतके महिने ज्याच्यासाठी झुरतोय ते हातात पडतंय, नाही कशाला म्हणेल?

“आधी टेस्ट घ्या,” यशराज म्हणाला.

“कसली टेस्ट?”

“दोन्ही कार्डांची. एकाच मशीनमध्ये. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी देत न्हाय.”

मग संघप्रियानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि टेस्ट घेतली. आधी यशराजचा गेम. त्याच्या जुन्या कार्डावर सेकंदाला एकाहत्तर फ्रेम, म्हणजे तेवढी चित्रं, नव्यावर चौऱ्याऐंशी. परत घेतली, एकाहत्तर आणि त्र्याऐंशी. मग निशिगंधाची फाईल. नव्या कार्डावर लाल अक्षरं. यशराजच्या जुन्या कार्डावर पडदा जरा वेळ काळा राहिला, आणि मग हळूहळू, एकेक चौकोन करत, हंबीररावांचं कार्यालय उमटायला लागलं. आधी छत, मग झुंबर, मग निळ्या खुर्च्यांच्या रांगा, सहाशेच्या सहाशे. एका चित्राला दोन मिनिटं चाळीस सेकंद लागली. निशिगंधा पडद्याच्या इतकी जवळ गेली होती की तिचा श्वास काचेवर दिसत होता.

मग चारशे खुर्च्यांची छोटी फाईल दोन्हीवर चालवली, तर तिथं नवं कार्ड पुढं. म्हणजे तक्त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. नुसतं कुणाला काय पाहिजे हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

“बघितलंस?” संघप्रिया यशराजला म्हणाली. “आता दे.”

यशराजनं आपलं कार्ड हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. “पण मॅडम... बाराचं देऊन आठचं घ्यायचं म्हंजे कसंतरीच वाटतंय बगा.”

संघप्रियानं डोळे मिटले. मी दोन पावलं मागं सरकलो.

“आपणास,” ती म्हणाली, “ईश्वराने नेत्र दिलेले आहेत. सदर नेत्रांनी आपण आत्ताच...”

“मॅडम, मी बोलू?” निशिगंधा म्हणाली.

आणि या खेपेला संघप्रिया थांबली. हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाली, “बोल.”

निशिगंधा यशराजकडं वळली. “दादा, तुमच्या गेमला मेमरी किती लागली मगाशी? मी बघत हुते. साडेसहा जीबी. व्हय का न्हाय?”

“व्हय.”

“आमच्यात म्हशी आठ हायत. गोठाबी आठांचाच. उद्या आबांनी बारांचा गोठा बांधला तर आमच्या म्हशी जास्त दूध देतील काय?”

“न्हाय देणार.”

“मेमरी म्हंजे गोठा. तुमच्या म्हशी साडेसहा. तुम्ही आज पाच जागा रिकाम्या ठेवून फिरालाय. तुमाला धार काढणारा चपळ पायजे, तो ह्या नव्या कार्डात हाय. माज्या म्हशी साडेनऊ हायत. धार सावकाश काढली तर चालंल मला, पण दीड म्हैस दाराबाहेर ठेवून कसं चालंल?”

यशराज तिच्याकडं बघत राहिला, मग संघप्रियाकडं. “मॅडम, असं सांगायचं की वो आधी!”

संघप्रियानं आजवर त्याला किती वेळा आणि किती तऱ्हांनी सांगितलं होतं, ते मी मोजलं नव्हतं. तिनं कार्ड त्याच्या हातातून घेतलं, पंखे खोलले, ब्रशनं दोन वर्षांची धूळ काढली, आत चिप थंड ठेवणारी नवी पेस्ट लावली आणि निशिगंधाच्या मशीनमध्ये घट्ट बसवलं. जुन्या कार्डाला वॉरंटी थोडीच उरली होती, म्हणून एका कागदावर स्वतःच्या सहीनं लिहून दिलं की वर्षभरात काही झालं तर मी बघीन.

फिल्म छत्तीस सेकंदांची होती. सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे नऊशे. चाळीस तासांचं काम. कोडोलीत दर मंगळवारी आणि मधेअधे केव्हाही लाईट जाते, म्हणून मशीन आमच्या तळघरातच राहिलं. संघप्रियानं त्याला आपला मोठा बॅटरीचा डबा जोडला आणि वर चिठ्ठी चिकटवली: हात लावू नये. रविवारी ती मुद्दाम घरून येऊन बघून गेली. सोमवारी दुपारी नऊशेवं चित्र झालं.

न्यायला अमरसिंह स्वतः आले. त्यांनी छत्तीस सेकंदांची फिल्म उभ्यानं बघितली. झुंबराखालून कॅमेरा पुढं सरकतो, खुर्च्यांच्या मधून स्टेजपर्यंत जातो. “परत लावा,” म्हणाले. तीन वेळा बघितली. मग मुलीला विचारलं, “हे सगळं तू केलंस?”

“व्हय.”

“त्या कार्डानं केलं न्हवं?”

“आबा, कार्ड नुसतं काढतंय. काय काढायचं ते मी सांगितलंय.”

जाताना अमरसिंह संघप्रियाला म्हणाले, “ताई, त्या दिवशी मी लई कालवा केला. तुमचं सायेब काय म्हणत असतील...”

“दुकान माझंच आहे,” संघप्रिया म्हणाली. “साहेब कुणी नाहीत.”

“आसं व्हय,” अमरसिंह म्हणाले, आणि कानशील खाजवत जिना चढून गेले.

त्यानंतर तिनं दुकानात एक बदल केला. काउंटरच्या बाहेर दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक काढून मला दिली. आता एकच आहे. घरचे चौघं आले तरी ती आधी विचारते, मशीन कोण वापरणार? तो किंवा ती खुर्चीत बसणार, बाकीच्यांनी उभं राहायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. लोक चिडतात. परवा एका मामानं भाचीच्या वतीनं बोलायचा हट्ट धरला, त्याला तिनं माझ्याकडं झेरॉक्स काढायला पाठवून दिलं. त्याच्याकडं झेरॉक्स काढण्यासारखं काही नव्हतं. अर्धा तास माझं डोकं खाल्लं त्यानं, ग्राफिक्स कार्डांवर.

निशिगंधानं दहा तारखेला फिल्म गारगोटीला नेऊन दिली. भावांनी बघितली, सगळ्यांना पसंत पडली. पण बारा तारखेला हंबीररावांचा तिला फोन आला. खुर्च्या मोजून घेतल्या, सहाशे बरोबर भरल्या, पण रंग निळा नको, जांभळा करा. मिसेसना जांभळा आवडतो. एवढंच बदलायचंय, दोन मिनिटांचं काम.

ती संघप्रियाच्याच दुकानात बसली होती तेव्हा. फोन कानाला तसाच धरून तिनं एकदा संघप्रियाकडं बघितलं. संघप्रिया हातातल्या मदरबोर्डावरची धूळ उडवत राहिली.

“हुईल की, काका,” निशिगंधा फोनवर म्हणाली. “पण खुर्ची बदलली की नऊशे चित्रं परत काढावी लागत्यात. चाळीस तास मशीन चालतंय. त्येचं वेगळं बिल हुईल. आकडा पाठवते, बगा आणि कळवा.”

चार दिवसांनी हंबीररावांनी कळवलं की निळाच बरा दिसतो, घरात सगळ्यांना विचारून बघितलं.